हनुवटीखालचा फोटो

तिला सगळे छोटी मावशी म्हणायचे. आता छोटी म्हणावं असं तिच्यात काहीसुद्धा नव्हतं. उंची दाराच्या चौकटीला टेकेल अशी, अंगानं कपाटाएवढी, आणि आवाज असा की शिशुगृहाच्या मागच्या अंगणातून तिनं हाक मारली की फाटकावर डुलक्या काढणारा वॉचमन दचकून उभा राहायचा. पण ती कामाला लागली तेव्हा तिथं आधीच एक मावशी होती. ती मोठी, म्हणून ही छोटी. पुढे मोठी मावशी थकून भावाकडे राहायला गेली, तरी छोटीची काही बढती झाली नाही. नाव एकदा चिकटलं की चिकटलं, घासून निघत नाही.

शिशुगृह म्हणजे तान्ह्या आणि रांगत्या मुलांचं घर. कुणाला आईबाप नाहीत, कुणाचे असून नसल्यासारखे. कुणाच्या आईनं खाली मान घालून सही केलेली, तर कुणी पोलिसांच्या गाडीतून ब्लँकेटमध्ये गुंडाळून आलेलं. वकील, तारखा, अर्ज हे सगळं पुढच्या इमारतीत. मागच्या लांबट खोलीत पाळणे, दुपट्यांच्या दोऱ्या, दुधाच्या बाटल्या उकळायचं मोठं पातेलं आणि छोटी मावशी. दत्तक घेणारे आईबाप मिळेपर्यंत ही पोरं तिच्या ताब्यात. कोर्टाच्या भाषेतला ताबा नाही हो, आपला साधा, कडेवरचा.

तर या छोट्या मावशीची एक रीत होती, आणि सगळी गोष्ट त्या रीतीवरच उभी आहे.

एखाद्या मुलासाठी आईबाप ठरले, की ते आपला फोटो पाठवायचे. मग कागदपत्रं पुरी व्हायला वेळ लागे. तो फोटो मावशी कपाटाच्या दाराला, मुलाच्या नजरेच्या उंचीवर चिकटवायची. रोज सकाळी, पोट अगदी रिकामं असताना, पोराला समोर बसवायचं, दुधाची बाटली आपल्या हातात धरायची आणि विचारायचं, "ही कोण? आई! हे कोण? बाबा!" पोरानं हुंकार भरला, हात लावला, हसलं, की मग दूध. आधी नाही.

"किती छळता हो लेकरांना," स्वयंपाकीणबाई म्हणायची.

"भुकेच्या वेळी शिकलेलं जन्मात विसरत नाही," मावशी म्हणायची. "तुम्हाला जेवणाची वेळ कधी चुकलेली आठवतेय का?"

आणि ते खरं ठरायचं. आईबाप न्यायला आले की पोर दुडुदुडू त्यांच्याकडे जायचं आणि "आई" म्हणायचं. तो शब्द ऐकायला वर्षानुवर्षं जीव टांगणीला लावून बसलेल्या बायका तिथल्या तिथं फरशीवर बसून रडायच्या. मोठ्या बाई, म्हणजे शिशुगृहाच्या अधीक्षिका, पाहुण्यांना अभिमानानं सांगायच्या, "आमच्या छोट्या मावशीच्या हातचं मूल रडत गेलं नाही कधी." मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आधीच काय कमी होतं!

एकदा वॉचमन गमतीनं म्हणाला, "माय मरो, मावशी जगो, म्हणतात ते काही उगाच नाही."

मावशी अशी उसळली म्हणता! "ज्यानं ही म्हण काढली ना, त्याला माय कळली नव्हती नि मावशीही! माय कशाला मरो? कुणाचं काय घेतलंय मायनं?" वॉचमन बिचारा दोन दिवस तिच्यासमोर चहा प्यायला आला नाही.

त्याला काय माहीत? तिनं कुणाला सांगितलेलंच नव्हतं, की ती स्वतः एका मुलाची माय आहे.

तरुणपणी ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता, पण दोघांचं जमलं नाही. भांडण मोठं कधी झालं नाही, रोजचं झालं, आणि रोजचं भांडण मोठ्यापेक्षा वाईट. शेवटी काडीमोड. घर त्याचं, घरात त्याची आई. हिच्याकडे मैत्रिणीच्या खोलीतली अर्धी जागा. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही रात्री कामावर, मग मूल कुणाजवळ?" मुलाचा ताबा वडिलांकडे गेला आणि हिच्या वाट्याला कोर्टातल्या भेटीच्या खोलीतला शनिवार आला. त्या खोलीत एक चाक तुटलेला घोडा होता आणि भिंतीवर रंगवलेलं हत्तीचं पिल्लू. मुलगा सुरुवातीला तिच्या मांडीवर बसायचा. मग शेजारी बसायला लागला. मग नवऱ्यानं लांबच्या गावी दुकान टाकलं, शनिवार विरळ झाले, आणि मुलगा आजीच्या मागून डोकावायला लागला.

शेवटच्या भेटीत तो घोड्याशी खेळून झाल्यावर अगदी शहाण्यासारखा म्हणाला, "काकू, मी जाऊ?"

काकू! काळजात सुरी खुपसली असती तरी परवडलं असतं. तिनं त्याला जा म्हटलं. मग धावत जाऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर सासूला गाठलं. पर्समध्ये स्वतःचा एक फोटो होता, बरा आलेला, हसरा. तो तिच्या हातात कोंबला. "आई, याला रोज दाखवाल? एवढंच करा माझ्यासाठी." सासूनं फोटो रुमालानं पुसला, पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "बघते."

त्यानंतर नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आणखी लांब गेला, पत्ता बदलला. तारखांना कुणी येईना, आणि कोर्टाच्या खेपा घालायला हिच्यात त्राण उरलं नाही. राहिला तो "बघते". म्हणजे काय, दाखवते? की विचार करते? की गप्प बस आता? मावशीनं तो शब्द सुपारीसारखा वर्षानुवर्षं चघळला. मुलाला आता मिशा फुटल्या असतील. तो रस्त्यात समोरून आला तर ती ओळखेल का, याची तिला भीती नव्हती. तो ओळखेल का, एवढंच. रोज सकाळी दुसऱ्यांच्या पोरांना दुसऱ्यांचे फोटो दाखवताना तिच्या मनात एकच असायचं, की कुठंतरी, कुणीतरी, माझा दाखवला असेल का?

आणि मग बटण आली.

खरं नाव कागदावर होतं, पण सगळे बटणच म्हणायचे. आली तेव्हा वर्षाची होती. कुणाच्या कडेवर थांबेना, रडून रडून निळी पडायची. मावशीनं उचलली तेव्हा तिनं मावशीच्या पांढऱ्या एप्रनचं वरून दुसरं बटण मुठीत धरलं आणि शांत झाली. तेव्हापासून ते बटण तिचं. झोपताना हवं, डॉक्टर सुई टोचताना हवं, वीज कडाडली की हवं. मावशी ते बटण दर महिन्याला नव्यानं शिवायची.

बटण बोलायला उशिरा लागली. दोन वर्षं उलटली तरी "दे" आणि "नको" यापलीकडे गाडी जाईना. तिच्या नातेवाइकांचा शोध घेण्यातही फार वेळ गेला. कुणी पुढे आलं नाही, तेव्हा कुठं ती दत्तकासाठी मोकळी झाली. पण लोकांना तान्हं बाळ हवं असतं. मोठं होत चाललेलं, न बोलणारं मूल बघून जोडपी गोड हसायची आणि पुढच्या पाळण्याकडे वळायची. मावशी वरवर चरफडायची, "डोळे फुटलेत मेल्यांचे." आणि आतून? आतून तिला हायसं वाटायचं. आता खोटं कशाला बोला!

एकदा तिनं मोठ्या बाईंना भीत भीत विचारलंसुद्धा. "बाई, एकट्या बाईला देतात म्हणे दत्तक. मग मला... ही बटण..."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देतात. पण तुमचं वय बसत नाही मावशी नियमात. आणि राहता इथंच, संस्थेच्या खोलीत. मला मनातून कितीही वाटलं तरी नाही होणार ते."

"नाही, मी आपलं सहज विचारलं," मावशी म्हणाली आणि बाटल्या उकळायला निघून गेली. त्या दिवशी पातेल्यातलं पाणी आटून तळ करपला.

पुढे बटणला आईबाप मिळाले. तो शाळेची बस चालवायचा, ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दोघंही चाळिशीला टेकलेली, साधी. त्यांनी बटणची माहिती वाचून "हीच" म्हणून कळवलं. फोटो आला. दोघं बाकावर बसलेली, ती जरा अवघडून हसणारी.

नेमकं तेव्हाच त्या लांबट खोलीला रंग काढला होता. कपाट ओलं, त्याला काही चिकटवायची सोय नाही. मग मावशी बुटक्या स्टुलावर बसायची, बटणला समोर उभी करायची, एका हातात दुधाचा पेला आणि दुसऱ्या हातानं फोटो आपल्या हनुवटीखाली धरायची. "ही कोण? आई!"

बटण फोटोकडे बघायची. मग वर बघायची. परत फोटोकडे, परत वर.

आणि एका सकाळी बटण बोलली. मावशीच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी स्पष्ट. "आई."

मावशीला कळलं. लगेच कळलं. पोरगी फोटोतल्या बाईला म्हणत नव्हती. फोटोच्या वर जो चेहरा होता, रोज भुकेच्या वेळी जो तोंड भरून "आई" म्हणायचा, त्या चेहऱ्याला म्हणत होती. मुद्दाम केलं नव्हतं तिनं, शपथेवर सांगते. पण त्या वेळी लगेच बोट फोटोवर ठेवून "ही बरं का, ही" म्हणायला हवं होतं, ते तिनं केलं नाही. उद्या सांगू, म्हणाली मनाशी. आज पोरगी पहिल्यांदा बोललीय, आज नको. उद्या परत "आई" आली, तेव्हा परवा. रंग वाळला, कपाट कोरडं ठणठणीत झालं, तरी फोटो हनुवटीखालीच राहिला. दुधाची तहान ताकावर भागवत आयुष्य गेलेल्या बाईच्या तोंडाशी एकदम दुधाचा पेला आला होता. कुणी खाली ठेवला असता, तुम्हीच सांगा!

मग पहिल्या भेटीचा दिवस उजाडला.

पाहुण्यांच्या खोलीत सगळे जमले. मोठ्या बाई, कागद घेतलेली समाजसेविका ताई, आणि ते जोडपं. बसवाल्यानं नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच दिसत होत्या. बाईच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. फोटोत तो नव्हता. चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई फोटोपुरता चष्मा काढून बसली होती, बायकांचं असं असतं. तिच्या मांडीवर कापडाचा ससा होता आणि त्याचे कान ती सारखी पिळत होती.

मावशी बटणला कडेवरून घेऊन आली आणि खाली ठेवली. ताईनं लाडात विचारलं, "बाळा, आई कुठंय? आई दाखव बरं!"

बटणला हा प्रश्न पाठ होता. ती खुलली, गर्रकन वळली, धावत येऊन मावशीच्या एप्रनला बिलगली आणि मान वर करून म्हणाली, "आई!"

बसवाला कसंनुसं हसत म्हणाला, "चालायचंच. लहान आहे." त्याच्या बायकोनं चष्मा बोटानं वर सरकवला. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "फोटोत मी चष्मा काढला होता. ओळखणार कशी बिचारी?"

मावशीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. चूक आपली, आणि पदरात घेतेय ती! आणि त्या जाड भिंगांमागे जे पाणी तरारलं होतं ते मावशीच्या ओळखीचं होतं. कोर्टाच्या खोलीत, हत्तीच्या पिल्लासमोर, ते तिच्या स्वतःच्या डोळ्यांत आलं होतं.

ते लोक गेल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "कधीपासून चाललंय हे, मावशी?"

मावशीनं सगळं सांगितलं.

"पुढच्या भेटीतही असंच झालं, तर ताईंना लिहावं लागेल, मूल रुळत नाही म्हणून. मग ती दोघं दुसरं मूल बघतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. बटण तीन वर्षांची होईल, तिला मोठ्या मुलांच्या वसतिगृहात पाठवावं लागेल. तिथं तिला आई नसेल, आणि तुम्हीही नसाल. कळतंय ना?"

"मी बिघडवलंय," मावशी म्हणाली, "मीच निस्तरते."

निस्तरते म्हणणं सोपं होतं हो! तिनं फोटो कपाटाला चिकटवला. बटण "आई" म्हणाली की ती छातीवर हात ठेवून सांगायची, "मी मावशी. आई ती बघ." पहिल्यांदा बटण हसली, तिला खेळ वाटला. मग गोंधळली. मग तिला वाटलं, शब्दच चुकतोय आपला. पूर्वी त्या शब्दाला दूध मिळायचं, मिठी मिळायची, आता नाही म्हणून मान हलते. दोन-चार दिवसांत पोरीनं तो शब्द टाकूनच दिला. फोटोलाही नाही, मावशीलाही नाही. विचारलं की ओठ घट्ट मिटायची आणि एप्रनचं बटण मुठीत धरून उभी राहायची. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता शब्द तिचाही गेला आणि त्या बिचारीचाही.

शिशुगृहात त्या दिवसांत ती अशी वावरत होती की स्वयंपाकीणबाईनं विचारलं, "कुणी गेलं का हो तुमच्यातलं?"

"जायचंय अजून," मावशी म्हणाली.

शेवटी तिनं स्वतः मोठ्या बाईंकडे जाऊन सांगितलं, "त्यांना सकाळी बोलवा. पोरीच्या दुधाच्या आधी. आणि पाहुण्यांच्या खोलीत नको, मागे पाळण्यांच्या खोलीत."

जोडपं आलं. मावशीनं बसवाल्याला दाराशी थांबवलं आणि त्याच्या बायकोला आत घेतलं. अंगातला एप्रन काढला आणि तिच्या अंगात घातला. तिला तो दोनदा गुंडाळेल एवढा मोठा, खांदे कोपरापर्यंत आले. बुटक्या स्टुलावर बसवलं. कपाटावरचा फोटो काढून हातात दिला.

"हा असा हनुवटीखाली धरा. दुसऱ्या हातात पेला. ती बघेल, तुम्ही विचारा, ही कोण. घाई करायची नाही. आणि चष्मा काढा."

"चष्मा काढला तर मला काहीच दिसत नाही हो," ती घाबरून म्हणाली. "हातभर अंतरावरचंही नुसतं धुकं."

"तुम्हाला नाही, तिला दिसायला हवं," मावशी म्हणाली आणि तिच्या नाकावरचा चष्मा आपल्याच हातानं काढून घेतला. "पुढचं आयुष्य पडलंय बघायला."

मग तिनं बटणला आत सोडलं आणि स्वतः दाराआड भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एवढी धिप्पाड बाई, पण श्वाससुद्धा ऐकू येऊ नये अशी. हातात तो चष्मा.

आतून बारीक पावलं. थांबली. तिला वास आला असणार, एप्रनचा. साबण, दूध, जरासं करपलेलं पातेलं. तिची तीच सकाळ होती, तेच स्टूल, तोच पेला, तीच भूक. फक्त फोटोच्या वर वेगळा चेहरा.

"ही कोण?" बाईनं विचारलं.

मावशी भिंतीशी पुटपुटत होती. म्हण ग. म्हण, माझी बाय. नको म्हणूस. म्हण. देवाला काय ऐकू गेलं असेल कोण जाणे.

"ही... कोण?"

बटणनं फोटोकडे बघितलं असणार. मग वर. दोन्हीकडे एकच बाई, तेच अवघडलेलं हसू. परत खाली, परत वर. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच जुळलं होतं. दाराआडून मावशीला फक्त ऐकू आलं, हळू, खात्री करून घेतल्यासारखं.

"आई?"

"हो," आतली बाई म्हणाली. पेला कलंडल्याचा आवाज आला, दूध फरशीवर गेलं. बसवाला दारातून आत धावला आणि त्यानं तोंडावर हात धरला. मावशीनं वाकून बघितलं. बटणनं एप्रनचं दुसरं बटण मुठीत धरलं होतं, आणि ती बाई डोळे फाडफाडून त्या इवल्या चेहऱ्याकडे बघत होती, दिसत काहीच नव्हतं बिचारीला. मावशी आत गेली, आणि तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

"घ्या. आता बघा."

नंतर भेटी वाढल्या, कागद पुरे झाले, कोर्टाचा हुकूम हातात आला. शब्द आता एकदम पक्का बसला होता. बटण मावशीला काही म्हणेनाशी झाली होती. हवं असेल तेव्हा एप्रन ओढायची, एवढंच.

न्यायच्या दिवशी फाटकाशी सगळे उभे होते. बटण आईच्या कडेवर होती. तिच्या आईनं आताशा बटणांचेच कपडे घालायला सुरुवात केली होती. बसवाल्यानं पिशव्या गाडीत ठेवल्या. वॉचमन उगाच फाटकाला तेल घालत होता. मावशीनं काळजावर दगड ठेवला होता आणि वर चेहरा असा कडक केला होता की कुणी जवळ जाईना.

मग बटणची आई तिच्यापाशी आली. "मावशी, तुमचा एक फोटो द्याल?"

"माझा? कशाला?"

"हिला रोज दाखवू ना. सकाळी, दुधाच्या आधी. तुम्हाला विसरायला नको."

इतकी वर्षं, इतकी मुलं गेली या फाटकातून, आजवर कुणी हे मागितलं नव्हतं. "नाहीये," ती म्हणाली. "एक बरा होता, तो देऊन टाकला मी. फार पूर्वी."

"मग आता काढू की," बसवाला म्हणाला आणि फोन काढला. "जरा हसा मावशी. अहो, भांडायला उभ्या राहिल्यासारख्या काय!" वॉचमन खदखदून हसला, आणि त्याला दटावता दटावता मावशीही हसली. तेवढ्यात बसवाल्यानं फोटो काढला.

"मोठा छापून घेते," बटणची आई म्हणाली. "काय म्हणायला शिकवू हिला?"

मावशीचे ओठ हलले. शब्द कुठला आला होता तोंडात, ते सांगायला नको.

"मावशी," ती म्हणाली. "मावशीच."

"बरं." गाडीत बसताना बटणच्या आईनं पोरीचा हात धरून हलवला. गाडी सुरू झाली. आणि तेवढ्यात मावशीच्या डोक्यात लख्ख काहीतरी आलं. सासू. कोर्टाच्या पायऱ्या. रुमालानं पुसलेला फोटो. इतकी वर्षं ती एवढंच विचारत आली होती, की दाखवला असेल का. दाखवला असेल तर कसा, हे कधी मनातच आलं नव्हतं. म्हातारी शब्दाची पक्की होती. रोज सकाळी नातवाला समोर उभा करून, दुधाचा पेला घेऊन, फोटो हातात धरून तिनं दाखवलाही असेल. आणि पोरगं फोटोकडे बघून मग वर, म्हातारीकडे बघत असेल.

"अहो, थांबा!" तिचा तो आवाज. गाडी जागच्या जागी थांबली. मावशी एवढं अंग घेऊन धावत गेली आणि खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"फोटो भिंतीला लावा," ती धापा टाकत म्हणाली. "भिंतीला. हातात धरून दाखवू नका हो. हातात धरला ना, तर मूल धरणाऱ्याचं होतं."

"बरं मावशी, भिंतीलाच लावते," बटणची आई म्हणाली. आणि गाडी गेली.